शिलंगणाला गाव सुटते, फेब्रुवारीत दहावी असते

बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याच्या मुलाला नव्या गावात शाळा मिळणे फारसे अवघड नसते. बदल्या उन्हाळ्यात होतात, शाळा जूनमध्ये उघडतात, दाखला हातात असतो आणि नसला तरी एका फोनवर काम होते. आपल्याकडची शाळाप्रवेशाची सगळी व्यवस्था, अर्जांच्या तारखांपासून पटनोंदणीपर्यंत, अशाच कुटुंबाला समोर ठेवून उभी राहिली आहे. बीड जिल्ह्यात मात्र गाव सोडण्याचा महिना जून नाही. दसऱ्याचे शिलंगण झाले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलू लागतात आणि दिवाळीनंतर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, परळीकडची कितीतरी गावे निम्मी रिकामी होतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, सोलापूर-पुण्याकडे, नाहीतर सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोट, विजयपुराकडे जातो आणि पाडव्याच्या मागेपुढे परततो. मुलांचे शाळेचे वर्ष त्यात मधोमध कापले जाते.

या कुटुंबांतल्या लहान मुलांच्या शिक्षणाबद्दल गेल्या तीस वर्षांत बरेच लिहिले गेले, योजनाही आल्या. नववी-दहावीतल्या मुलांबद्दल फारच कमी बोलले जाते. मला मात्र सगळ्यात मोठी गळती तिथेच दिसते, आणि ती मुलांच्या नावडीमुळे होत नाही. शिक्षणाचा कायदा, मंडळाचे वेळापत्रक आणि साखर कारखान्याचा हंगाम या तिघांनी एकमेकांकडे पाठ फिरवल्यामुळे होते.

आधी आठवीपर्यंतचे चित्र पाहू, कारण त्याशिवाय पुढची दरी किती खोल आहे ते कळत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा स्थलांतरित मुलाच्या बाजूने अगदी ठाम उभा आहे. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे मुलाला कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, शाळा बदलता येते. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. चौदाव्या कलमाने वयाचा पुरावा नसण्याची सबब काढून घेतली, पंधराव्याने प्रवेशाची मुदत संपल्याची. नवव्या कलमात तर स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून स्वतंत्र नोंदले आहे. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यात सातवीतली मुलगी आईबरोबर एखाद्या कारखान्याच्या गावातल्या शाळेत जाऊन उभी राहिली, हातात एकही कागद नसला, तरी तिला वर्गात बसवणे शाळेला भाग आहे. अंमलबजावणीत हजार अडचणी आहेत, पण भांडायला कायदा हाताशी आहे.

हा कायदा सहा ते चौदा वयाचा आणि आठवीपर्यंतचा. नववीत पाऊल टाकले की आधार एकामागून एक सुटत जातात. दुपारचा पोषण आहार आठवीला थांबतो. मोफत पाठ्यपुस्तके आठवीला थांबतात. गावातले हंगामी वसतिगृहही आठवीपर्यंतच. आणि दाखल्याचे ओझे, जे कालपर्यंत शाळेचे होते, ते एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाच्या आणि त्याच्या बापाच्या डोक्यावर येते. करोनाच्या काळात फीसाठी दाखले अडवल्याच्या तक्रारी वाढल्यावर, जून २०२१ मध्ये, शालेय शिक्षण विभागाने दाखला नाही म्हणून नववी-दहावीचा प्रवेश नाकारू नये असा आदेश काढला. तो उपयोगी आहे आणि प्रत्येक पालकाला माहीत असायला हवा. पण शासन निर्णय दाखवून हक्क मागायला तो निर्णय माहीत असलेला माणूस बरोबर लागतो, आणि उसाच्या फडावरून थेट शाळेत आलेल्या बापाबरोबर तसे कोणी नसते.

शाळा सोडल्याचा दाखला हा कागदच जरा जवळून पाहू. रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, आधार क्रमांक, नाव, आईचे नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख. शेवटाकडे एक रकाना असतो: शाळा सोडण्याचे कारण. त्यात बहुतेक वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिलेले असते. ऊसतोड, उचल, हंगाम यांपैकी काहीही त्या कागदावर उमटत नाही. सरकारदरबारी ते मूल फक्त पालकांच्या मर्जीने शाळा बदललेले मूल असते. राज्याबाहेर जायचे असेल तर याच दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. ते कार्यालय बीडला. आष्टी तालुक्याच्या टोकाच्या गावाहून बीडला जाऊन येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि भाडे, आणि साहेब जागेवर नसले तर तेच पुन्हा.

तरीही मुळात किती जण दाखला काढतात? फारच थोडे. निघायच्या आदल्या दिवशी शाळेत येऊन बाप एवढेच म्हणतो, “गुरुजी, पोरीचं नाव तेवढं काढू नका. आम्ही पाडव्यापर्यंत येतोत.” गुरुजीही नाव काढत नाहीत. यात दोघांचीही समजूत खोटी नाही. दाखला एकदा काढला की एप्रिलमध्ये परत येऊन पुन्हा प्रवेश, पुन्हा कागद. जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या नोंदींचा सांधा निखळण्याची भीती. गावच्या शाळेत नाव राहिले तर निदान परतीची वाट राहते. मग होते असे की मुलगी वहीत हजर किंवा दीर्घ गैरहजर, आणि प्रत्यक्षात चारशे किलोमीटरवर कोपीत, म्हणजे झोपडीत.

शाळांचेही एक गणित आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय कुणाला दोष देऊ नये. शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या तारखेला मूल बीडच्या शाळेत असते. दोन-चार आठवड्यांनी ते दुसऱ्या जिल्ह्यात जाते. बीडच्या शाळेला त्याचे नाव काढून पट कमी करण्यात तोटा, आणि कारखान्याच्या गावातल्या शाळेला ते नाव घेऊन एक पैशाचा किंवा अर्ध्या शिक्षकाचाही फायदा नाही. उलट वर्गात सरासरी हजेरी आणि निकाल खाली ओढणारे मूल वाढले असेच तिथे वाटते. दोन्ही टोकांना मुख्याध्यापकांची नियत चांगली असली, तरी ही तारीख त्यांना मुलाच्या विरुद्ध उभे करते. माझा पहिला आग्रह याच जागी आहे: स्थलांतरित जिल्ह्यांसाठी दुसरी पटनोंदणी डिसेंबरअखेर व्हावी, आणि मूल जिथे बसले आहे तिथे त्याचा पट मोजला जावा, गावच्या शाळेचे पद न घटवता.

दाखल्याला पर्याय म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. गावच्या शाळेने निघताना ते भरून द्यायचे, त्यावर मुलाची इयत्ता आणि प्रगती लिहायची, आणि मुलाने ते नव्या शाळेत दाखवले की दाखल्याशिवाय वर्गात बसायला मिळावे, परतताना तिथल्या शिक्षकांनी नोंद करून परत पाठवावे. कल्पना फार चांगली आहे. गावातले नाव तसेच राहते आणि शिकणे चालू राहते. पण तेही प्राथमिक शाळांच्या कामकाजात रुजले. माध्यमिक शाळेत ते पुढे केले तर अनेकदा ‘हे आमच्याकडे चालत नाही’ असे उत्तर मिळते. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींची ‘सरल’ प्रणाली आली, आता यूडायस प्लसवर प्रत्येक मुलाला कायम शिक्षण क्रमांक आहे. नवी शाळा ऑनलाइन मागणी करते, जुनी शाळा ती मान्य करते आणि नाव हलते. यंत्रणा तयार आहे. तिच्यात फक्त कायमची बदली बसते. सहा महिन्यांचा मुक्काम नोंदवायला तिच्यात जागा हवी.

प्रवेश द्या, असे म्हणताना मूल कुठे राहते हेही पाहिले पाहिजे, कारण सगळ्या टोळ्या सारख्या नसतात. बैलगाडी सेंटरचे मजूर कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर एकाच जागी कोप्या घालून राहतात. तिथल्या नववीतल्या मुलाला जवळच्या हायस्कूलमध्ये बसवणे शक्य आहे. कारखान्याने आणि शाळेने मनावर घेतले तर आठवड्याभरात होण्यासारखे काम आहे. डोकी सेंटरचे तसे नाही. मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरणारी ही टोळी ऊस संपला की पुढच्या गावात जाते. पंधरा दिवस इथे, तीन आठवडे तिथे. तिच्याबरोबरच्या मुलासाठी प्रवेश अर्ज भरणे म्हणजे हंगामात चार-पाच शाळांचे उंबरे झिजवणे. अशा मुलांसाठी नव्या गावातली शाळा हा मार्गच नाही, आणि तो आहे असे मानून काढलेली परिपत्रके त्यांच्यापर्यंत कधी पोहोचणार नाहीत. शिक्षण खात्याच्या एकाही कागदावर टोळीचा हा प्रकार विचारलेला मी पाहिला नाही, आणि मुकादमाला विचारले तर तो एका वाक्यात सांगतो.

माध्यमिक शाळांचा ढाचाही दोन भागांत वेगळा आहे. मराठवाड्यात निजामी राजवटीतल्या सरकारी शाळांची परंपरा पुढे जिल्हा परिषदेच्या प्रशालांत चालू राहिली. बीडमधल्या कितीतरी मुलांची नववी-दहावी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. पश्चिम महाराष्ट्रात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या आणि हायस्कूल बहुतेक खाजगी अनुदानित संस्थांची. त्यामुळे प्राथमिकच्या मुलांसाठी गटशिक्षणाधिकारी एका हुकमावर जे करू शकतात, ते नववीसाठी संस्थेच्या मुख्याध्यापकाला पटवून करावे लागते. सीमेपलीकडे गेले की भाषाच बदलते. बेळगाव, निपाणी भागात मराठी शाळा सापडतात. बागलकोट-विजयपुराच्या फडांवर पोहोचलेल्या नववीतल्या मुलापुढे कानडी माध्यम असते, आणि त्या वयात सहा महिन्यांसाठी ते पेलणे जवळपास अशक्य.

दहावीचा प्रश्न याहून कठीण. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली येतो. कोल्हापूर, सांगली, सातारा कोल्हापूर विभागात, सोलापूर आणि अहिल्यानगर पुणे विभागात. परीक्षेचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात, म्हणजे नेमके टोळ्या निघण्याच्या दिवसांत. हजेरी ७५ टक्के लागते. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण आपल्याच शाळेत, लेखी परीक्षेआधी. लेखी परीक्षा पूर्वी मार्चमध्ये सुरू व्हायची. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. ऊस तेव्हा फडात उभा असतो. दहावीच्या वर्षात अर्ज भरून झाल्यावर शाळा बदलायची म्हणजे प्रकरण थेट विभागीय मंडळापर्यंत जाते, आणि ते वेळेत सुटेल याची खात्री कुणीच देत नाही. म्हणून मी स्पष्टच म्हणेन: दहावीच्या मुलाने हंगामात शाळा बदलू नये. त्याचे नाव, अर्ज आणि शक्य असेल तर तो स्वतः गावातच राहावा. ज्यांना हे जमतच नाही, त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ हेही दरवाजे आहेत. पण १७ नंबर हा सुटलेल्या मुलाला परत घेण्याचा मार्ग आहे. चालत्या मुलाला त्यावर ढकलू नये.

गावात राहावे म्हणताना मुलगा आणि मुलगी यांचा वेगळा विचार करावाच लागतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आजीजवळ राहतो, किंवा बापाला तो अर्धा कोयता वाटू लागतो आणि मोळ्या बांधायला जातो. मुलीचे तसे नसते. थकलेल्या आजीच्या भरवशावर पंधरा वर्षांची मुलगी सहा महिने सोडायला आईबाप धजत नाहीत, आणि त्यांच्या काळजीला कारण नाही असे म्हणणारा त्या वस्त्यांवर कधी राहिलेला नसतो. बरोबर नेले तर कोपीतही तिच्या सुरक्षिततेची हमी नाही. पहाटे तीनला आईबाप फडात गेल्यावर धाकटी भावंडे, पाणी, भाकरी सगळे तिच्या अंगावर पडते. मग लग्न उरकण्याचा निर्णय होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. या आकड्यावरची चर्चा बहुतेक हुंडा आणि परंपरा यांवर थांबते. त्यात नववीच्या वसतिगृहाची कमतरता धरावी असे मला तीव्रतेने वाटते. सुरक्षित खोली आणि दोन वेळचे जेवण ऑक्टोबरमध्ये मिळाले तर कितीतरी लग्ने निदान तीन वर्षे पुढे जातील.

वसतिगृहांचा आपल्याकडचा प्रवास नीट आठवला पाहिजे. नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू केल्या. कोप्यांच्या शेजारी, मुले जिथे आहेत तिथे. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांनी नियमित शाळेतच जावे हे धोरण झाले आणि साखरशाळा ओसरल्या. त्या तशाही लहान मुलांच्या होत्या. मग हंगामी वसतिगृहे आली: मुलाने गावातच राहायचे, शाळा व्यवस्थापन समितीने जेवण द्यायचे. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी मूल दोन वेळ शाळेत जेवते आणि रात्री आजीकडे झोपते. उणिवा असल्या तरी या व्यवस्थेने बीडची हजारो मुले वर्गात ठेवली आहेत, आणि त्यामागे बालरक्षक म्हणून धडपडणारे शिक्षक आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येक तालुक्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक, प्रत्येकी शंभर जागा. सुरुवात भाड्याच्या इमारतींत झाली. नववी-दहावीच्या मुलांसाठी आजवर सुचलेला हा सगळ्यात योग्य मार्ग आहे. मात्र तालुक्याला शंभर मुली हा आकडा बीडच्या कोणत्याही तालुक्यात तोकडा आहे. जागा वाढवाव्या लागतील, आणि प्रवेश जूनबरोबरच पुन्हा सप्टेंबरमध्ये उघडावे लागतील, कारण कुणाची उचल किती आणि कोण जाणार हे घरात तेव्हाच नक्की होते.

ज्या भागात ही कुटुंबे तोडीला जातात तो भागच महाराष्ट्राच्या वसतिगृह चळवळीचे माहेर आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला शिकायचे तर आधी त्याला राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. त्याच सातारा-कोल्हापूरच्या साखरपट्ट्यात आजही मोठ्या संस्थांची हायस्कुले आणि वसतिगृहे आहेत. बैलगाडी सेंटरच्या तळाभोवतालच्या हायस्कुलांनी हंगामात दहा-वीस जागा बीडच्या मुलांसाठी राखून ठेवल्या, तर ते त्यांच्या स्वतःच्या इतिहासाला धरूनच होईल.

या मुलांची नीट मोजणी होत नाही, हेही सांगायला हवे. राज्यव्यापी शाळाबाह्य मुलांचे एक दिवसाचे सर्वेक्षण ४ जुलै २०१५ ला झाले. ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ राबवले गेले ते जुलै २०२२ मध्ये. जुलैत ऊसतोड कामगाराचे मूल गावात असते, शाळेत नाव असते, पुष्कळदा वर्गातही असते. त्याला शोधायचे तर डिसेंबर-जानेवारीत कारखान्यांच्या गटवार याद्या घेऊन तळावर आणि फडावर जावे लागेल. मुकादमांचे करार कारखान्यांकडे असतात. कुठली टोळी कुठे आहे हे कारखान्याच्या शेती विभागाला रोज ठाऊक असते. शिक्षण विभागाने ती माहिती मागायची आहे.

इतर देशांनी आणि आपल्याच देशातल्या दुसऱ्या मंडळांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत शेतमजुरांची कुटुंबे पिकाच्या मागे राज्याराज्यांतून फिरतात. त्यांच्या मुलांसाठी तिथे १९६६ पासून स्वतंत्र सरकारी कार्यक्रम आहे, आणि १९६९ पासून या मुलांच्या शैक्षणिक व आरोग्याच्या नोंदी एका केंद्रीय यंत्रणेतून शाळेकडून शाळेकडे पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली. आज तिची जागा नव्या ऑनलाइन प्रणालीने घेतली आहे. मोबाइल नसलेल्या काळात जे झाले ते आपल्याला आज अवघड नसावे. दुसरे उदाहरण घरचेच. टाळेबंदीत मुले गावी परतल्यावर मे २०२० मध्ये सीबीएसईने उरलेल्या पेपरांसाठी विद्यार्थी असेल त्या जिल्ह्यात केंद्र देण्याचे जाहीर केले होते. त्या परीक्षा पुढे रद्द झाल्या, पण विद्यार्थ्याची नोंदणी एका ठिकाणी आणि परीक्षा दुसऱ्या ठिकाणी असू शकते हे एका मोठ्या मंडळाने मान्य केले. आपल्या राज्य मंडळाचे नऊ विभाग आहेत, प्रश्नपत्रिका एकच असते. बीडच्या शाळेत नाव असलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला कागल किंवा अकलूजच्या केंद्रावर पेपर देता यावा, एवढी सोय मंडळाने आपल्या अखत्यारीत करावी. तोंडी परीक्षेचे गुण तिथल्या शाळेने पाठवावेत.

हे सगळे होईपर्यंत येत्या हंगामापुरते मुख्याध्यापक आणि पालक यांच्या हातात काही आहे. नववीतले मूल बैलगाडी सेंटरबरोबर जाणार असेल तर दाखला काढू नये. बोनाफाईड, मागच्या वर्षाचा निकाल, प्रथम सत्राचे गुण, आधार आणि कायम शिक्षण क्रमांक एका पाकिटात द्यावा, बरोबर मुख्याध्यापकाच्या सहीचे, फोन नंबर असलेले पत्र द्यावे, आणि पोहोचल्याच्या आठवड्यात तिथल्या मुख्याध्यापकाशी बोलून घ्यावे. डोकी सेंटरबरोबर जाणाऱ्या घरातल्या मुलासाठी वसतिगृहाचा अर्ज समाजकल्याण विभागाकडे वेळेत द्यावा. दहावीतल्या मुलाचा परीक्षा अर्ज, फोटो, सही आणि शुल्क गाव सोडण्याआधी पूर्ण करावे, तोंडी-प्रात्यक्षिकाच्या तारखा बापाच्या मोबाइलवर लिहून द्याव्यात, आणि परतीच्या गाडीभाड्यासाठी शाळेने गावातून थोडी वर्गणी जमवून ठेवावी; काही गावांत माजी विद्यार्थी हे आनंदाने करतील. ३० सप्टेंबरला पट पाठवताना सोबत नववी-दहावीतल्या जाणाऱ्या मुलांची यादीही पाठवावी, प्रत्येक नावापुढे मुकादम, कारखाना आणि टोळीचा प्रकार लिहून. शिक्षणाधिकाऱ्यांनी ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगरच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे धाडावी.